डाव्या हाताची रांगोळी

पहाटे तांबडं फुटण्याच्या आधी आमच्या गल्लीत एकामागून एक दारं उघडतात आणि पाण्याचा सपकारा ऐकू येतो. तांब्यातून उधळलेलं ते पाणी उंबऱ्यापुढच्या जमिनीवर पसरलं, की ओल्या मातीचा, शेणाचा आणि रात्रभर निवलेल्या दगडाचा असा काही गार वास उठतो, की अंथरुणातलं माणूससुद्धा क्षणभर श्वास रोखून धरतं. मग मात्र काहीच ऐकू येत नाही. चिमटीतून तांदळाचं पीठ सुटतं, त्याला आवाज कुठला असायला! पण त्या नि:शब्दतेत दहा-बारा स्त्रिया कमरेत वाकून काळ्या ओल्या भूमीवर शुभ्र रेषा उमटवत असतात, आणि उजाडेपर्यंत अख्खी गल्ली पांढऱ्या वळणांनी भरून जाते. पासष्टी उलटली माझी, तरी ते दृश्य पाहून रोज तितकीच थक्क होते.

तंजावूरच्या राजवाड्यामागची ही गल्ली. आम्ही घरात मराठी बोलतो, दाराबाहेर तमिळ. त्यामुळे आत जिला रांगोळी म्हणतो, तिलाच बाहेर कोलम म्हणतो. माझ्या वडिलांनी हट्टानं मला बाळबोध लिपी शिकवली, म्हणून हे तुम्हाला लिहू तरी शकते. बाकी मराठी घरांतून ती अक्षरं वाचणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. पण दारातली रांगोळी? ती इथं निरक्षर बाईलाही वाचता येते. ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती एकच रेघ न तोडता फिरवून आणायची, एवढंच तर असतं. तरी प्रत्येकीचा हात निराळा. कुणाचं वळण भरदार, कुणाचं चिंचोळं, कुणी घाईत शेवटची गाठ सैल सोडणारी. आम्ही नुसत्या रेघेवरून सांगतो, आज कोण वाकली होती ते.

आणि इथंच तर खरी गोम आहे! आमच्या काही घरांतून बाई अजून महिन्याचे तीन दिवस दूर बसते. त्या तीन दिवसांत तिनं रांगोळीला हात लावायचा नाही. म्हणजे दारातलं अक्षर बदललं, की गल्लीला कळलं. आणि दोन महिने बदललंच नाही, तर तेही कळलं! जी गोष्ट नवऱ्याच्या कानात सांगतानाही बाई लाजते, ती तिच्याच हातानं तिच्याच उंबऱ्यावर मांडून ठेवायची, अन् वर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती वाचायची. एवढ्या सुंदर वस्तूचा असा चहाडीसारखा उपयोग कोणी, कधी शोधून काढला असेल? पुरुषांना दोष देऊन मी मोकळी झाले असते. पण खोटं कशाला बोलू, या वाचनात गल्लीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं ना! दिवस मोजायची खोड हाडात मुरलेली. कोणाकडे पाळणा हलणार हे डॉक्टरच्या आधी मी सांगत असे आणि त्याचा मला केवढा तोरा होता.

समोरच्या घरात अंबाक्का राहतात. वयानं माझ्याहून मोठ्या, सोवळ्यात इतक्या कडक, की त्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्याला वाऱ्यानंसुद्धा विचारून शिवावं. त्यांची सून जानकी पाच वर्षांपूर्वी त्या घरात आली ती डावखुरी! पहिल्याच पहाटे तिनं डाव्या चिमटीत पीठ घेतलं आणि अंबाक्कांचा आवाज गल्लीभर गेला, "अगे, शुभकार्य आणि डाव्या हातानं?" जानकीनं हात बदलला नाही. महिनाभर सासू कुरकुरली, मग गप्प झाली. पण रांगोळी चांगली आलीय, असं एकदाही म्हणाली नाही. आमच्या सगळ्यांच्या रेघा जिकडे झुकतात त्याच्या उलट झुकणारी ती रेघ! प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या माशासारखी ती डौलानं वळून येई. जानकीची रांगोळी ओळखायला वाचक लागतच नसे.

गेल्या मार्गळीत, म्हणजे तुमच्या मार्गशीर्ष-पौषात, मी रोज ती रेघ पाहत होते. त्याआधीचा महिना खंड पडला नव्हता. हाही तसाच सरत आला. मी मनाशी हसले, वाटीभर लिंबाचं लोणचं घेतलं आणि रस्ता ओलांडला. जाता जाता दोघीजणींना बातमीही देऊन टाकली. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याचसारखीला पाहून म्हणत असावेत. अंबाक्का देवघरात होत्या; मी जानकीच्या हातात वाटी ठेवून डोळा मिचकावला, तर पोरीचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला.

दुपारी ती माझ्या मागच्या दारानं आली. दोन मुलं आहेत तिला. धाकटं नुकतं पाऊल टाकायला लागलेलं. पॉलिटेक्निकातली शिकवण्याची नोकरी दोनदा सोडून तिसऱ्यांदा मिळवलेली. काळजी घेऊनही राहिलं होतं. "मामी, मला नको आहे," ती म्हणाली. एवढंच. मी आपली कारणांच्या मागे लागले. तब्येत बरी नाही का? काही दोष निघाला का? तिला नको होतं, हेच कारण होतं. त्याला आणखी कुठलं ठिगळ लावायची तिची तयारी नव्हती. नवरा होसूरच्या कारखान्यात. तो फोनवर म्हणाला होता, तू म्हणशील तसं. पण जवळच्या एका दवाखान्यात तिला सांगितलं, नवऱ्याची सही आणा, घरातलं मोठं माणूस घेऊन या. आणि घरातलं मोठं माणूस म्हणजे अंबाक्का! आठवडे तर कोणासाठी थांबत नाहीत. वर मी तिची बातमी गल्लीत पेरून बसलेली. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

मी चौकशा केल्या. कायदा म्हणतो, सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच नाही. मग इतकी वर्षं या सह्या कोण मागतं आहे आणि आपण मुकाट्यानं का देतो आहोत? मी तणतणत होते, जानकी शांत होती. आम्ही दोघी कुंभकोणमच्या बसमध्ये बसलो; तिथल्या एक डॉक्टरीणबाई अशा सह्या मागत नाहीत, असं कळलं होतं. वाटेतल्या पापनाशमपर्यंत दोन्ही बाजूंना साळ पिकून वाकलेली, कालव्यांत ऊन पडलेलं. ती सारा वेळ बाहेर बघत होती. तिचा हात माझ्या हातात होता की माझा तिच्या, कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंच्या दाराशी बाकावर खेड्यातली एक बाई बसली होती, कापणीवरून तशीच उठून आलेली, पदराला कुसळं चिकटलेली. तिचा नवरा बाहेरगावी. दोन ठिकाणांहून तिला सहीसाठी परत पाठवलं होतं. ही तिसरी बस, तिसरी मजुरीची खोटी. तक्रारीचा सूर नव्हता हो तिच्या बोलण्यात! पाऊस लांबला तर पुन्हा पेरायचं, तशी ती पुन्हा निघाली होती. स्वतःच्या देहाच्या दाराशी तीन-तीनदा येऊन आत जाण्याची परवानगी मागायची, आणि तरी माघारी फिरायचं नाही, हे बळ कुठून येत असेल? मी तिच्याशेजारी अंग चोरून बसले.

मग जानकीला बोलावलं. मीही रुबाबात आत शिरले, म्हटलं मीच सगळं समजावून सांगते. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." मला! तीस वर्षं वर्गाला बाहेर उभं करणाऱ्या मला! नाक लाल करून मी बाकावर परतले. राग उतरायला थोडा वेळ लागला. मग मात्र उमगलं. त्या बंद दारामागे, बहुधा आयुष्यात प्रथमच, जानकीला कोणीतरी एकटीला विचारत होतं. सासू नाही, नवरा नाही, शेजारीण नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्यांनी एकच विचारलं मामी, तुला काय हवं आहे? दोनदा विचारलं. मग मी सही केली." कुठल्या हातानं, ते मला विचारावं लागलं नाही.

गोळ्या मिळाल्या, कशा घ्यायच्या ते नीट समजावलं, काही त्रास झाला तर लगेच ये म्हणून बजावलं. दहा-बारा दिवस अंगावरून जाईल, म्हणाल्या, विश्रांती घे. विश्रांती! आम्ही बसमध्ये एकमेकींकडे पाहिलं. तीन दिवस तिची रांगोळी नसती, तर गल्लीनं नेहमीचंच समजलं असतं. पण चौथ्या दिवशी ते डावं वळण दारात हवंच. नाहीतर माझ्याच बातमीचा धागा धरून लोकांनी पुढचं सगळं विणलं असतं. जानकी म्हणाली, चौथ्या दिवशी उठेन कशी तरी. मी त्याच संध्याकाळी, जिथं बातमी पेरली होती त्या दोघींकडे गेले आणि सांगितलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माझी मोजणी चुकली, भलत्याच दारातली रांगोळी वाचली. दोघी पोट धरून हसल्या. जन्मभर कमावलेली कीर्ती पाच मिनिटांत गेली, आणि खरं सांगते, मला जड गेलं.

तीन पहाटा समोरच्या दारात अंबाक्कांची रांगोळी होती. सरळ, कोरडी, शिस्तीची. चौथ्या पहाटे पाहते तर जानकीचं वळण! उठली ही पोर, त्या अवस्थेत, ओल्या जमिनीवर वाकली! दिवसभर मी तिच्यावर मनातल्या मनात कावले. पाचव्या दिवशी पाण्याचा पहिला सपकारा ऐकताच शाल गुंडाळून तिला रागवायलाच बाहेर पडले.

दारात अंबाक्का होत्या. सत्तरीपलीकडची ती बाई, गुडघ्यांनी केव्हाच दावा मांडलेला, ओल्या भूमीवर ओणवी झाली होती. उजवा हात तिनं पदराच्या टोकात गुंडाळून कमरेला घट्ट खोचला होता, मधेच पुढे येऊ नये म्हणून. आणि डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ सोडत होती. एक वळण चुकलं. तळव्यानं पुसलं. पुन्हा घातलं. बाजूला खापरीच्या तुकड्यानं पायरीवर गिरवून पाहिलेल्या रेघा दिसत होत्या, किती तरी. मी नुसती उभी. त्यांनी मान वर केली. "बघतीस काय? तिची गाठ शेवटी कोणीकडून वळते ते सांग. मज जमेना झालंय."

मी वाकून बोटानं दाखवलं. मग विचारलं, तिनं सांगितलं का? अंबाक्कांनी रेघ पुरी केली आणि मगच बोलल्या. "ती कशाला सांगते? माझ्या घरची रांगोळी तूच वाचतीस की काय?" मग पिठाकडे बघत, "मज सहा वेळा दिवस गेले, एकदाही कोणी विचारलं नाही. तिला विचारलं न्हवे कोणीतरी? झालं तर. निजू दे तिला." आणि कमरेवर हात देऊन उठल्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

सात पहाटा त्या तशा वाकल्या. ज्या हाताला त्यांनी पाच वर्षं अशुभ मानलं, तोच हात त्यांनी या वयात गिरवून गिरवून शिकून घेतला! आपण मोठमोठ्या निकालांच्या, कायद्यांच्या बातम्या वाचतो, आणि त्या हव्यातच; त्यांच्यावाचून ते बंद दार जानकीसाठी उघडलंच नसतं. पण त्या दारातून घरी परतलेल्या बाईला निवांत निजायला एक अंथरूण लागतं, आणि उंबऱ्यावर राखण करणारं कोणी. बाकावरची ती खेड्यातली बाई घरी गेल्यावर तिची रांगोळी कोणी घातली असेल? की तीच वाकली असेल? तिचं नावही मी विचारलं नाही. अजून रुखरुख लागते.

जानकी आता कामावर जाते. धाकटं पळतं. मोतीबिंदूची थाप मारली खरी, पण तो खरोखरच निघाला. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि जग असं लख्ख दिसतं, की समोरच्या उंबऱ्यावरची मुंगी मोजावी. यंदाची मार्गळी लागली आहे. पुन्हा तोच सपकारा, तोच ओल्या दगडाचा वास, काळ्या भूमीवर तीच पांढरी वळणं. मी दारात उभी राहून समोर बघते. वळण डावीकडचं आहे. काल होतं, परवा होतं, गेले कित्येक महिने रोज आहे. जानकीनं घातलं असेल, किंवा ती दूर बसली असेल आणि अंबाक्कांनी घातलं असेल. कारण त्यांनी उजवा हात पुन्हा पिठाला लावलाच नाही. परवा तर कोपऱ्यावरच्या घरातली रेघही उलटी झुकलेली दिसली, आणि त्या घरात डावखुरं कोणीच नाही.

डोळे इतके स्वच्छ झाले, आणि मला आता काहीच वाचता येत नाही. किती सुंदर रांगोळी आहे, एवढंच दिसतं.