मागच्या चाकांचे आस आणि मांडवीचा दोर

धाकट्या दिरांनी उतारूंची ने-आण करायला मोटार आणली तेव्हा तिला सगळं होतं, फक्त ब्रेक नव्हता. लाकडी आऱ्यांच्या चाकांची जुनी गाडी. खाडीकाठच्या एका व्यापाऱ्याच्या पडवीत कित्येक वर्षं खारा वारा खात उभी होती. दोष कळला होता. मागच्या आसांवरचे चामड्याचे वायसर झिजले होते आणि त्यातून वंगण गळून थेट ब्रेकवर जात होतं. वायसर बदलायचे तर दोन्ही आस बाहेर काढायला हवेत, आणि आस तर गंजून आत रुतून बसलेले.

मामंजींनी दिरांना स्पष्ट बजावलं. "रत्नागिरीत चार पावलं सपाट रस्ता नाही. ब्रेक नसलेल्या गाडीत मी उतारू बसवू देणार नाही. शिमग्याच्या आगबोटीपर्यंत गाडी दुरुस्त झाली तर तुझी. नाहीतर ती भंगारात, आणि परतीच्या आगबोटीनं तू मुंबईला."

मुंबईत मामंजींच्या मेहुण्याचं दुकान होतं, तिथं जागा ठरलेली होती. माझे यजमान आधीच मुंबईत नोकरीला. दीरही गेले असते तर घरात मामंजी, मी आणि दोन म्हशी उरलो असतो. मोटारीचं काम म्हणूनच मी माझं मानलं.

सुटे भाग हरवू नयेत म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या दिल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली. करायचे उपाय पाटीवर लिहून काढले आणि एकेक खोडत गेले. रॉकेल ओतून झालं. खोबरेल पाजून झालं. आसाभोवती निखारे धरून झाले, घण घालून झाला. पाटी संपली, आस जागेवरच.

"भावोजी, आता काय उरलं?"

"नवस," चेहऱ्यावरची काजळी पुसत ते म्हणाले.

"तो मी कालच बोललेय."

दोघांनाही हसू फुटलं. ते ओसरल्यावर मला मांडवी बंदरावरचे मचवेवाले आठवले. भरलेला मचवा वाळूवर ओढून काढणाऱ्या माणसांना हातभर लोखंड काय जड!

मोटार ढकलत मांडवीला नेली. मागची बाजू ओंडक्यावर उचलली, चाकाच्या आऱ्यांतून दोर ओवला. चाक आसाला घट्ट होतं, म्हणजे चाक बाहेर आलं की आसही येणार. आतली खीळ दिरांनी आधीच काढली होती. मचव्याच्या तांडेलानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मिशीत हसला.

"वैनी, हे तर पोराचं खेळणं."

त्यानं माणसं लावली. मचवा ओढतात तसा त्यांनी दोर खांद्यावर घेतला आणि मोटारीकडे पाठ करून "होऽऽ" म्हणत ओढायला लागली. दोर ताणला, करकरला आणि एकदम सैल पडला.

"सरकला! सरकला!"

सरकली होती मोटार. ओंडक्यावरून घसरून ती आडवीच त्यांच्यामागून निघाली होती. पाठमोऱ्या माणसांना दिसणार कसं? दोराला गती मिळाली म्हणून त्यांना दुप्पट चेव आला. मी पदर खोचून बाजूनं धावत "थांबा! थांबा!" ओरडत होते, आणि ती सगळी मला साथ समजून माझ्याच तालावर ओढत होती. बोंबील सुकत घातलेल्या काठ्यांच्या दोन रांगांमधून माणसं नीट पार झाली. मोटार झाली नाही.

तांडेलीण झोपडीतून बाहेर आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"मेल्यांनो, माझ्या बोंबलात मोटार घातलीत? डोळे काय पाठीला फुटलेत?"

"पाठीला असते तर दिसली नसती काय मोटार?" तांडेल म्हणाला.

मोटारीच्या टपावर बोंबलांचं तोरण लागलं होतं. दीर वाळूत बसून पोट धरून हसत होते. मुंबईची तलवार त्यांच्याच डोक्यावर होती, तरी!

या वेळी गाडी पुन्हा ओंडक्यावर घेऊन दुसऱ्या बाजूनं माडाला बांधली. मग ओढलं, पुन्हा ओढलं. दोर तारेसारखा ताठ, आस ढिम्म. तेवढ्यात तांडेलिणीला आऱ्यांत चिरडलेले बोंबील दिसले आणि तिनं किंचाळून अशी शिवी हासडली की सगळी दचकून मागं वळली. दोर सैल पडला. आता ही अंगावर येते की काय या धास्तीनं सगळ्यांनी एकदम हिसका दिला. खाडकन आवाज झाला, चाक आसासकट उडालं आणि माणसं एकमेकांच्या अंगावर उताणी पडली.

सरळ ओढून उपयोग नव्हता, हिसका हवा होता! आम्ही लगेच दुसऱ्या चाकाला दोर ओवला.

"वैनी, पुन्हा घाल शिव्या," तांडेलाच्या माणसांनी तांडेलिणीला गळ घातली.

पण तिला हसू आवरेना. तोंड उघडलं की नुसती खिदळायची. "शिमग्याला या, घालते हव्या तेवढ्या!"

मामंजी इतका वेळ काठी टेकून लांब उभे होते. ते पुढं आले. उपरणं माझ्याकडे दिलं, काठी दिरांकडे. उलटा हात तोंडावर धरून त्यांनी शिमग्याची अशी खणखणीत बोंब ठोकली की माडावरचे कावळे उडाले. माणसं दचकली, दोर सैल पडला, मग हिसका, आणि दुसरा आस बाहेर. मामंजी स्वतः वाळूत बसले होते. तोल गेला होता की हसून बसले होते, सांगणं कठीण.

नवे वायसर बसले, ब्रेक पुसून कोरडे केले, बरण्या रिकाम्या झाल्या. आगबोट यायच्या दिवशी बंदराकडच्या उतारावर दीर चालवायला बसले, मामंजी त्यांच्या शेजारी, मी मागं.

"थांबव."

मोटार जागच्या जागी थांबली.

"चालव. थांबव."

पुन्हा थांबली. मामंजींनी समोरच्या समुद्राकडे बघत घसा साफ केला. "मेहुण्याला कळवतो, दुकानात दुसरा कोणी बघा म्हणून."

दीर वळून माझ्याकडे बघत हसले. तेवढ्यात खाली आगबोटीची शिटी झाली.

"मामंजी, चला ना, उतारू निघून जातील!" मी म्हटलं.

"जाऊ दे गं. चालव," ते म्हणाले, आणि चाक अर्धं फिरतंय न फिरतंय तोच आनंदानं ओरडले, "थांबव!"