इकोला दिलेला प्रोसेसर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कामतघरला एका लूमच्या कारखान्यावरची खोली भाड्याने घेऊन मी रेकॉर्डिंगचा धंदा मांडला. भिंतींना गाद्या ठोकल्या, पण खालचे लूम गाद्यांना भीक घालत नव्हते. म्हणून रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला. कॉम्प्युटर एकच होता आणि त्याचा मला भलताच माज होता.

माझी आत्या वळ गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडते ती धवलारीण. गावात अख्खा धवला तिला एकटीलाच येत होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. दम्याने ती पार खचली होती. आपल्यामागे धवला राहावा, एवढंच तिने जिवाला लावून घेतलं होतं. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, शिकत होती, निम्म्यापर्यंत आलीही होती, पण आत्याला आता धीर नव्हता. मीच म्हणालो, "आत्या, माझ्याकडे ये. एका बैठकीत काम फत्ते."

आत्याने हेडफोन लावले, दोन ओळी गायल्या आणि ती थांबली. "आवाज सुका लागतो मना. मांडवान येतो तसा पायजे."

मांडवात कित्येक वर्षं ती इकोवाल्या माइकवर गात होती. त्याच्याशिवाय तिचा सूरच लागेना. माझ्याकडे इको करायचा तो कॉम्प्युटरनेच. प्रोसेसरची किती ताकद अशा इफेक्टला द्यायची आणि किती आलेला आवाज डिस्कवर उतरवायला ठेवायची, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता यायचं. शहाणा माणूस डिस्कला सांभाळतो. मी सगळी इकोकडे ढकलली. आत्याचा चेहरा एकदम खुलला. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरवरचा ताण दाखवणारा मीटर मात्र लाल झाला. तो मीटर दाखवायलाही थोडी ताकद खर्च होते, हे मला ठाऊक होतं. मग मी मीटरच बंद केला. वर स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

आत्या डोळे मिटून पाऊण तास गायली. तसं गाताना मी तिला पुन्हा ऐकलं नाही. शेवटी तिने विचारलं तेव्हा मी सुरुवातीचा तुकडा वाजवला. तो ठीक होता. "झकास आलंय," म्हणालो आणि तिला रिक्षात बसवलं.

नंतर पुढचं ऐकलं आणि पायाखालची जमीन सरकली. थोड्याथोड्या वेळाने आवाज तुटत होता. कुठे अक्षर गायब, कुठे अख्खा शब्द. इको तर फक्त तिच्या कानात होता, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा मागमूसही नव्हता.

त्याच संध्याकाळी वळला जाऊन सांगायला हवं होतं. गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. पुढच्या एखाद्या शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून तिला परत बोलवू, असं मनाला समजावत राहिलो. आत्या इकडे गावभर सांगत सुटली होती, "माजा धवला कंपुटरान हाय." मी भेटायला गेलो तेव्हा माझ्यादेखत तिने वहिनीला सांगितलं, "आता तुला शिकाची गरज न्हाय गो." वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. तुटलेल्या आवाजाबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करीन, त्या मानेबद्दल नाही.

पुढचे दोन शुक्रवार मी धंद्यातच घालवले. तिसऱ्याच्या आधी आत्या गेली.

त्याच वर्षी आत्याच्या शेजारच्या घरी लग्न निघालं आणि मी तिच्या रेकॉर्डिंगची कॅसेट भरून द्यायची, ती मांडवात लावायची, असं ठरलं. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मांडवात आत्याचा आवाज घुमला तशा बायका डोळे पुसू लागल्या. पहिल्यांदा आवाज तुटला तेव्हा वहिनीने गळालेला शब्द भरला. दुसऱ्यांदाही भरला. म्हाताऱ्या कौतुकाने तिच्याकडे बघायला लागल्या. मग तिचं शिकणं जिथे थांबलं होतं, त्याच्या पुढे कॅसेट गेली. पुन्हा आवाज तुटला आणि सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या.

ती माझ्याकडे वळली. "भावजी, इकरं कंचा शबुद व्हता?"

कॅसेट पुढे चालूच होती.