नाकवाल्या बाई

लातूरच्या नाकवाल्या बाई तपासून झालं की आधी नातेवाइकांना बाहेर काढायच्या. मुलगा साहेब असो की जावई पुढारी, दार लागायचंच. "नाक ज्याचं, खबर त्याला," म्हणायच्या. बाई उदगीरकडच्या. मोठ्या डॉक्टर झाल्या, पण बोलणं गावाकडचंच राहिलं.

आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, डावी नाकपुडी वर्षभर बंद होती. मधूनच रक्त यायचं. अहमदपूरजवळच्या आमच्या घरात सगळेच वैद्य. वाफ, ओव्याची पुरचुंडी, सगळं करून झालं. एकच बाजू बंद आहे म्हटल्यावर बाई गंभीर झाल्या. दुर्बीण घातली, स्कॅन काढलं, नाकात वाढलेल्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवला. मी बाहेर हात जोडले, "वाईट निघालं तर दादांना सांगू नका."

"अजून काय निघालं बी न्हाई, अन् लपवायला लागलात?" बाई कडाडल्या.

तरी घरी आमचं चालूच. दादा आले की बोलणं बंद, ताटात रोज गोडधोड, आत्या आठवड्यातून दोनदा भेटायला. दादा काय समजायचं ते समजले. एक दिवस बघतो तर गोठा रिकामा. जीव की प्राण असलेली देवणी बैलजोडी त्यांनी मामाकडे पाठवून दिली होती. "मागं हाल नको त्यांचे," एवढंच बोलले.

रिपोर्ट आला. दादा आत, आम्ही बाहेर. दार उघडलं तेव्हा बाई लालबुंद. "कॅन्सर न्हाई. साधी गाठ हाय, क्वचित कुणाला होते. मुळासकट काढावी लागंल, न्हाई तर परत येती. पण ह्यांना मरणाची वाट बघायला कुणी बसवलं? गाठीनं न्हाई, तुमच्या कुजबुजीनं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. जोडी परत आली, हे सांगायला नकोच. पुढे दर सहा महिन्यांनी दादा एकटेच एसटीनं तपासणीला जायचे.

गेल्या महिन्यात असेच लातूरहून आले, पाय धुतले आणि सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"गाठ परत आलीय, ज्वारीच्या दाण्याएवढी. पुन्हा तपासायची हाय. सोमवारी नांदेडच्या डॉक्टरकडं जायचं. बाईंनी चिठ्ठी दिलीय."

"नांदेडला का? बाई काढत नाहीत का?" आईनं विचारलं.

"बाईंचा हात थरथरायला लागलाय," दादा म्हणाले, आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच रडले.