मोठा आ

दातांच्या दवाखान्यातला पडदा अर्धाच ओढलेला होता. आत खुर्चीवर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, मोठा आ करा." मावशींनी आ केला आणि लगेच त्यांचा हात तोंडावर गेला.

"हात काढा ना."

हात निघाला. पुन्हा आ केला, पुन्हा हात वर. "अहो, दाढ कशी बघू मी?"

मावशी ओशाळल्या. "सवय हो, बाई. तोंड उघडलं की हात जातोच."

बाहेर मी ठणकत्या अक्कलदाढेपायी ताटकळत होते. मला हसू आलं, आणि बघते तर माझाही हात तोंडावर! "बाईच्या जातीनं दात दाखवत हसू नये," असं म्हणत आईनं मारलेल्या टपल्या आठवल्या. हसताना हात, जांभईला हात, पंगतीत घास घेताना पदर. देवानं आम्हाला तोंड दिलं ते काय नुसतं झाकायला?

ही दाढ बरी. चाळिशीत उगवली, कुणाला विचारलं नाही. जागा नव्हती तरी हिरडी फाडून वर आली. वाकडी आहे, काढावीही लागेल. पण आली तर खरी!

माझा नंबर आला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि आ केला.

"अहो, एवढा नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जबडा दुखेल."

दुखू दे, असं म्हणायचं होतं. पण त्यासाठी तोंड मिटावं लागलं असतं. मी मिटलं नाही.