करंटची सुरी

अक्का मासा कापताना माशाकडे बघत नसे. बघायची ती समोरच्या गिऱ्हाइकाकडे. पायाखाली विळी दाबलेली, दोन्ही हातांत निसरडा रोहू, आणि डोळे समोरच्याच्या चेहऱ्यावर. पहिल्यांदा येणारा माणूस घाबरून म्हणायचा, अक्का, खाली बघा, बोट जाईल. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मच्छी काय पयी जास का? माणूस पयी जास." मासा पळत नाही, पळतं ते गिऱ्हाईक, म्हणून नजर गिऱ्हाइकावर ठेवायची.

जळगावच्या मासळी बाजारात टिनाच्या छपराखाली तिचा ओटा होता. मूळची ती चोपड्याकडच्या तापीकाठच्या एका गावाची. नवरा लवकर गेला, मग एकुलता मुलगा काविळीनं गेला, आणि घरात उरल्या दोघी, अक्का आणि तिची सून शोभा. शोभा बोदवडची. ती मासे धुवायची, खवले काढायची, बर्फ फोडायची. पण पात्याजवळ कधी बसायची नाही. तिला धारेची भीती होती. अक्कानंही तिला कधी बळजबरीनं बसवलं नाही. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान बाजाराच्या मागच्याच गल्लीत होतं. शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायच्या, हा माझा धंदा. रविवारी मी मासे घ्यायला जायचो आणि तासभर तिथंच रेंगाळायचो. अक्काशी बोलायला बरं वाटायचं.

एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की अक्का माशाकडे बघते आहे. मान खाली घालून, कपाळाला आठ्या घालून. मासा तिच्या हातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा शोभानं पुढं होऊन शेपूट धरली, तेव्हा अक्कानं तिचा हात झटकला. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं आपली बोटं माझ्यापुढं धरली. सांधे सुजून गाठीगाठी झाल्या होत्या, मूठ वळत नव्हती. "भाऊ, मन्हा हात आते मन्हं आयकतस नही," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या बिघडलेल्या पोराबद्दल बोलावं तशी ती हातांबद्दल बोलत होती.

त्या दिवसांत दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. शोभाचा भाऊ बोदवडहून येऊन बजावून गेला, की म्हातारीचा धंदा बसला तर बहिणीला मी इथं ठेवणार नाही. केळीच्या वखारीत काम मिळतं, माहेरी येऊन राहील. आणि महामार्गावरच्या एका हॉटेलचा मॅनेजर विचारायला आला, की दर रविवारी बिनकाट्याची मरळ सोलून देणार का. अख्खा मासा नको, दोन्ही अंगांच्या सलग फाका हव्यात, कातडं काढून. असं बारमाही गिऱ्हाईक बाजारात कुणालाच नव्हतं. पण विळीवर तशी फाक निघत नाही, आणि निघाली असती तरी अक्काच्या बोटांतून निघाली नसती. अक्कानं जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणाली.

करंटच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सुरीची माहिती तिला कुवेतहून परतलेल्या एका स्वयंपाक्यानं दिली होती. दातेरी पात्यांची जोडी एकमेकांना चिकटून मागंपुढं सरकते, जोर लावावा लागत नाही, नुसती वाट दाखवायची, असं त्यानं सांगितलं. धुळ्याला एका दुकानात बाहेरदेशचा माल मिळतो, हेही त्यानंच सांगितलं. अक्का माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, भाऊ, तू विजेचा माणूस, माझ्याबरोबर चल. मी नाही म्हणालो. वीज आणि पाणी एकत्र आलं की काय होतं, ते मी शेतातल्या विहिरींवर बघितलेलं होतं. ओल्या ओट्यावर ओल्या हातांनी कुणी वायर धरून बसावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. ती वाद घालायला बसली नाही. दुसऱ्या दिवशी एकटीच स्टँडवर जाऊन उभी राहिली, हे मला शोभानं धावत येऊन सांगितलं, आणि मी दुकानाला कुलूप लावलं.

धुळ्याच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर एक पिशवी होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मी विचारलं तेव्हा कळलं, की ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं एक मरळ आणली आहे. मासा कापून बघितल्याशिवाय ती सुरी घेणार नव्हती.

धुळ्याच्या दुकानदारानं दोन सुऱ्या काचेवर ठेवल्या आणि पाव कापून दाखवायला लागला. अक्कानं पिशवीत हात घातला. मासा बघताच तो दोन पावलं मागं सरकला. त्याच्या दुकानात देवाची तसबीर होती, घरी मांस-मासे चालत नव्हते. त्यानं हात जोडून सांगितलं, की अक्का, हे इथं नको. मला वाटलं, आता परत फिरावं लागणार. अक्का म्हणाली, बरोबर आहे तुमचं, आणि बाहेर जाऊन पायरीच्या कडेला गोणपाट पसरून बसली. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली.  मग दुकानदारानं स्वतःच लांब वायर काढली आणि दारातून बाहेर ओढून दिली.

दोन्ही सुऱ्यांची पाती लांब, पातळ आणि किंचित लवणारी होती, म्हणजे माशाच्या कामाचीच. फरक बटणात होता. एकीचं बटण बोटानं दाबून धरावं लागे. सोडलं की सुरी थांबे. दुसरीचं बटण एकदा पुढं सरकवलं की सुरी चालूच राही, मागं सरकवेपर्यंत. मी पहिलीच घे म्हणत होतो. हातून निसटली तर आपोआप थांबेल, असं परत परत सांगत होतो. अक्कानं ती धरून बघितली. अर्धी फाक निघेतो तिचं बोट थरथरायला लागलं आणि सुरी मध्येच थांबली. तिनं ती खाली ठेवली. दुसरी उचलली, अंगठ्यानं बटण सरकवलं, कल्ल्यामागं पातं कण्यापर्यंत उतरवलं, आडवं वळवलं आणि कण्याच्या अंगानं शेपटीपर्यंत नेलं. फाक अलगद उघडली. बघणाऱ्यांपैकी कुणी तरी वा म्हणालं. अक्का तिकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "तुनं म्हननं खरं शे. पन माले जी धरता येस, तीच मी लिसू." आणि तिनं दुसरीच विकत घेतली.

मी तिला अटी घातल्या. ओट्याच्या कोरड्या कडेला लाकडी फळी, पायाखाली रबराचं जाड पायपुसणं, मासा कोरड्या फडक्यानं दाबून धरायचा. सुरी कधीही पाण्यात बुडवायची नाही. आधी प्लग काढायचा, मगच पाती काढून धुवायची. शेजारच्या बर्फवाल्याकडून मी लाईन ओढून दिली, अर्थिंग करून दिलं, आणि प्लग खांबावर उंच बसवला, पाण्याचे शिंतोडे पोचणार नाहीत असा. शोभाला प्लग काढून दाखव म्हणालो तर तिनं पदरात हात लपवले. तेव्हा अक्का हसली. "हाई सुरी मच्छी खास, शोभा. माणूस खात नही."

काही रविवार सुरळीत गेले. अक्का हळूहळू शिकत होती. रोहू-कटल्याचा तिनं नाद सोडला, कारण त्यांचे बारीक काटे मांसातच राहतात आणि सुरी कितीही चांगली असली तरी निघत नाहीत. मरळीवर मात्र तिचा हात बसला. आधी दोन्ही फाका काढायच्या, मग पातं बरगडीखालून फिरवायचं, शेवटी फाक उलटी ठेवून कातड्यावरून सुरी सरकवायची. बाजारातली माणसं काम थांबवून बघायला यायची. पण तिची नजर आता गिऱ्हाइकावर नसायची. सुरी चालू असेपर्यंत ती श्वाससुद्धा जपून घ्यायची, आणि मी तिथं असलो तर मीही.

मग तो रविवार आला. हॉटेलात काही तरी मोठी पंगत होती, मॅनेजर स्वतः सकाळपासून येऊन उभा होता आणि सारखा घड्याळ बघत होता. शोभाचा भाऊ आदल्या दिवशीच आला होता. म्हातारीच्या हातांचा आता भरवसा नाही, आज बहिणीला घेऊन जाणार, असं त्यानं बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, आणि तो खांबाला टेकून, तोंड फिरवून उभा होता. शोभाचे डोळे सुजलेले होते.  मी गर्दीच्या पलीकडच्या बाजूला होतो.

एक मोठी मरळ फळीवर आली. अक्कानं पातं कण्याजवळ वळवलं, पण बोटांनी दगा दिला असावा. ते आडवं न जाता तिरपं जाऊन हाडात रुतलं. सुरीचा आवाज घोगरा झाला, आणि त्याच वेळी करंट गेला. छपराखालचे दिवे विझले, बर्फवाल्याची मोटार थांबली. मॅनेजर चिडून काही तरी म्हणाला. अक्कानं सुरी ओढून बघितली. निघेना. तेव्हा तिनं डाव्या हातातलं फडकं टाकलं आणि उघड्या बोटांनी पातं धरून ते हाडातून काढायला लागली.

बटण पुढंच होतं. मला ते लांबून दिसत होतं. त्या दिवसांत करंट जायचा तसा मिनिटाभरात परतही यायचा. मी माणसांना बाजूला सारत पुढं निघालो, ओरडलोही असेन, पण माझा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. अक्काची चारी बोटं दात्यांवर होती आणि ती सगळं बळ लावत होती. माझ्या आणि ओट्याच्या मध्ये अजून पाच-सहा माणसं होती.

शोभा माझ्याआधी हलली. हातातली टोपली टाकून ती बर्फाच्या पेटीवर चढली, भावाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि खांबावरचा प्लग दोन्ही हातांनी उपसून काढला. प्लग हातात धरून ती खाली उतरली तोच दिवे लागले. बर्फवाल्याची मोटार घरघरायला लागली. सुरी मात्र अक्काच्या हातांत गप्प पडून होती.

 अक्कानं आधी आपल्या बोटांकडे बघितलं, मग शोभाच्या हातातल्या प्लगकडे. बोटं पात्यावरून काढायला तिला वेळ लागला. मी पोचलो, बटण मागं घेतलं, पातं सोडवून दिलं.  अक्का फळीजवळून उठली, बाजूला सरकली आणि शोभाला म्हणाली, "आते तू बठ."

शोभा बसली. पहिली फाक तिनं वेडीवाकडी काढली, दुसरी बरी. तोंड पांढरं पडलं होतं, पण ती थांबली नाही. अक्का मागं बसून हळू आवाजात सांगत होती, वळव, आडवं धर, घाई नको. मॅनेजर माल घेऊन गेला. संध्याकाळी शोभानं भावाला स्टेशनवर सोडलं आणि एकटी परत आली. त्याला काय सांगितलं, ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, आणि अक्कानंही विचारलं नाही.

पुढची काही वर्षं सुरी शोभाच्या हातात होती आणि गिऱ्हाईक अक्काच्या नजरेत. धंदा वाढला. आणि मग अक्कानं जे केलं, त्यानं सगळा बाजार चक्रावला. तिनं शोभासाठी स्थळ बघितलं. धुळ्याचा एसटीचा ड्रायव्हर, बायको वारलेली, स्वभावानं शांत. शोभा नाही म्हणाली. तुम्हाला टाकून मी कुठंही जाणार नाही, असं तिनं निक्षून सांगितलं. अक्कानं तिच्याशी बोलणं बंद केलं. एकाच ओट्यावर दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या. अखेर अक्का स्वतः धुळ्याला जाऊन त्या माणसाशी बोलून आली, की ही लग्नानंतरही धंदा करील, सुरी बरोबर आणील, चालेल का. तो चालेल म्हणाला. लग्नात मुलीकडून अक्का उभी राहिली. बोदवडचा भाऊ आला होता. तो अक्काच्या पाया पडला.

ओटा सोडून अक्का गावी, पुतण्याकडे राहायला निघाली, तेव्हा तिला गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, अक्का, मुलगा गेला, आता सूनही दुसऱ्याच्या घरी दिलीस, तुझं एकटीचं कसं व्हायचं? तिनं माझ्याकडे जरा रागानंच बघितलं.

"मन्ही लेक धुयाले दिधी शे. मी एकली कशी?" धुळ्याला दिलेली ती तिची लेक होती, सून नव्हे.

त्यानंतर दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शोभा माहेरी जायची ती तापीकाठी, अक्काकडे. अक्का तिला बांगड्या भरायची, निंबाला झोका बांधून घ्यायची, आणि जाताना बसच्या खिडकीशी उभी राहून रडायची. सुनेला निरोप देताना ती रडली नव्हती, लेकीला देताना मात्र दरवर्षी रडायची, असं पुतण्या सांगायचा.

अक्का हिवाळ्यात गेली. पुढच्या आखाजीला, दुपारच्या उन्हात, मी दुकानात एका मोटारीचं वायंडिंग करत बसलो होतो. दारात शोभा उभी होती, हातात पिशवी, कडेवर मुलगी.  ती म्हणाली, "सकाळी सवयीनं घरातून निघाले, भाऊ. स्टँडवर आल्यावर कळेना, कोणत्या गाडीत बसू. मग जळगावच्याच गाडीत बसले."

मी हातातली तार खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, शोभाकडे बघितलं, आणि काही न विचारता तिच्या कडेवरची मुलगी आपल्याकडे घेतली.