माझ्या खिडकीतला गिलास

"शांता, तू थांब. तुझा गिलास वेगळा आहे."

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा प्याला माझ्या हातून पुढे गेला होता. ओठाला द्राक्षरसाची चव होती. बोलली ती मंडळीच्या पंचाची बायको; ती शाळेत मास्तरीण आहे. तिने शांताच्या हातात स्टीलचा गिलास दिला. शांता गावच्या नाल्या साफ करते. त्याच सकाळी तळ्यावर तिचा बाप्तिस्मा झाला होता. केस अजून ओले होते.

तिने गिलास उलटसुलट पाहिला.

"तळ्यात त समद्यायले एकाच पान्यात बुडवलं. आता हे काऊन?"

पाळक पुस्तकात बघत राहिले. मी पहिल्या बाकावर होते. मीही बोलले नाही. शांताने गिलास न पिता बाकावर ठेवला. चपला घातल्या आणि गेली.

गिलास माझा होता. काठाला चेपलेला. शांता आमची गल्ली झाडून झाली की पाणी मागते. तिच्यासाठी तो बाहेरच्या खिडकीत पालथा असतो. सकाळी मास्तरीण म्हणाली, "आजी, तो गिलास द्या जी. आजच्यापुरता." कशाला ते मला कळलं. मी राखेने घासून दिला.

आदल्याच दिवशी चर्चच्या संजीवन सभेत मी उठून साक्ष दिली होती, येशूने माझं आयुष्य कसं बदललं ते सांगितलं होतं. लहानपणी मी पाटलाच्या घरी कापसाचं गाठोडं घेऊन गेले. पाणी मागितलं. पाटलीण ओट्यावरून ओंजळीत ओतत होती. कोपरापर्यंत भिजले, तहान गेली नाही. मी उठले तशी तिने त्या जागेवर शेणपाणी शिंपडलं. हे सांगताना मी रडले. सभा रडली. येशूने मला माणूस केलं, असं म्हणाले. मी बाकावर परतले तेव्हा शांता खाली बसून माझे पाय दाबत होती. तेव्हाही गिलास खिडकीतच होता.

प्रभुभोजन झालं त्याच रविवारी दुपारी शांताच्या घरी गेले. ती भांडी घासत होती. उठली नाही.

"पानी पाह्यजे का, माय? गिलास आमचाच हाय, पाहून घे."

मी प्याले. म्हटलं, "शांते, चुकलं माझं."

"काल रडलीस, आज चुकलं म्हणतेस. उद्या काय करतेस ते सांग."

घरी आले.

चर्चमधून परत आणलेला तो चेपका गिलास आता मी वापरते. घरी शांता येते तेव्हा आत बसते आणि आमच्याच भांड्याने पाणी घेते. सून तोंड वाकडं करते. करू दे.

पुढच्या प्रभुभोजनाला मी पहिल्या बाकावर बसणार नाही. शांता आली तर तिच्या मागे उभी राहीन. तिच्या ओठाचा प्याला माझ्या ओठाला लागेल. तिला दिला नाही, तर मीही घेणार नाही. पाळकांना तसं तोंडावर सांगून आले आहे.

आणि आता साक्ष द्यायला उठले तर पाटलिणीची देणार नाही. गिलास हातात घेऊन माझी देईन.