लेथला अडकवलेली पिशवी

माझ्या साडूंनी मला फसवलं. सरळच सांगतो, कारण आडून बोलायची सवय मला फक्त भाव करताना आहे. उभ्या नगर जिल्ह्यात मला फसवील असा दुसरा माणूस नाही. नागापूरच्या एमआयडीसीत मी हमाली करायला आलो होतो. आज तिथेच जुन्या मशिनरीच्या खरेदी-विक्रीचं माझं स्वतःचं गोडाऊन आहे. बंद पडलेली मोटर नुसती हाताने फिरवून पाहिली, की ती चालेल का ते मला कळतंच, पण ती विकायची तिच्या मालकाला किती घाई आहे तेही कळतं. असा मी. आणि मला फसवलं कोणी? तर भिंगारला राहणाऱ्या, लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकुनी करणाऱ्या, भाजीवाली म्हणेल त्या भावाला "बरं, द्या" म्हणणाऱ्या माणसाने. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी रागात असलो तरी नातं मानाचं आहे, म्हणून अहो-जाहो करतो. फसवणाऱ्याला वर अहो-जाहो करावं लागतं, हा तोटा वेगळाच.

साडूंना एखादी गोष्ट नुसती आवडत नाही. ती त्यांच्या अंगात येते. घरात तिच्याशिवाय विषय नसतो, ऑफिसात नसतो, लग्नाच्या पंगतीत नसतो. आणि एक दिवस अंगातलं उतरतं. कारण विचारू नये. त्यांनाही ठाऊक नसतं. मग ती वस्तू पिशवीत घालून ते माझ्याकडे आणून टाकतात. "साडूभाऊ, जुन्या वस्तूंची कदर तुमालाच हाय," म्हणतात. धंदा माझा जुन्या मालाचा, पण साडूंचा एकही माल मला आजवर विकता आलेला नाही. बायको म्हणते, विकता येत नाही असं नाही, तुम्ही विकत नाही.

एक साल घड्याळाचं होतं. पावलं मोजणारं, छातीचे ठोके दाखवणारं, आणि माणूस फार वेळ बसून राहिला की "उठा" म्हणून मनगटावर थरथरणारं. साडू त्या घड्याळाचं जेवढं ऐकत, तेवढं साहेबाचंही ऐकत नसत. आमच्या चुलत सासऱ्यांचा दहावा कोल्हारला होता. प्रवरेच्या काठी सगळे पाहुणे मांडी घालून बसलेले, प्रवचन रंगात आलेलं. महाराज म्हणाले, "माणूस रिकाम्या हाताने येतो," आणि तेवढ्यात साडूंचं मनगट थरथरलं. साडू ताडकन उभे राहिले. मागच्यांना वाटलं, झालं. तेही उठले. त्यांच्या मागचे उठले, टोप्या झटकल्या, चपला शोधायला लागले. महाराजांनी हात जोडून आवरतं घेतलं. माणूस जातो कसा, ते सांगायचं राहूनच गेलं. परतीच्या वाटेवर मी साडूंवर खेकसलो तर म्हणाले, "लोकांच्या गुडघ्यांचं भलं झालं का न्हाई ते सांगा." पुढे घड्याळ त्यांच्या अंगातून उतरलं आणि माझ्या मनगटावर आलं. ते हुशार आहे. गिऱ्हाइकावर मी कितीही ओरडत असलो, तरी माझे ठोके ते शांतच दाखवतं.

मग एक हिवाळा शेंगोळ्यांचा गेला. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी आमच्या भागात घरोघर होतात, त्यात संशोधन करण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. साडूंना वाटलं. ते सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन ओळखीपाळखीच्या घरी शेंगोळी खात, लसणाच्या फोडणीवर चर्चा करत आणि शेंगोळं बोटावर वळावं की तळहातावर, यावर म्हाताऱ्या बायकांची भांडणं लावून परत येत. एकदा माझ्या घरी जेवायला बसले. पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "अक्का, चव झकास हाय. पर हुलग्याला जरा घाई झाली." बायकोने त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदाही जरा उशिरानेच वाढलं.

गाण्याचंही झालं. लग्नाच्या बेंजो पार्टीत वाजतो तसला बेंजो त्यांनी आणला. शिकवायला कोणी ठेवलं नाही, मोबाईलवर बघून शिकले. एका आरतीची पहिली ओळ त्यांना सुरेख यायची. दुसरी यायची नाही. रोज संध्याकाळी पहिली ओळ वाजे आणि तिथेच थांबे. शेवटी क्वार्टरमधल्या लोकांनाच सहन होईना, ते आपापल्या खिडकीतून पुढची ओळ म्हणून टाकत. तो बेंजोही आता माझ्याकडे आहे. खोटं कशाला बोलू, पहिली ओळ मलाही येते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पॉडकास्ट आले. आधी नुसतं ऐकणं होतं. कानात बोंडं घालून साडू मधमाश्यांबद्दल ऐकत, मिठाबद्दल ऐकत, झोपेबद्दल ऐकत आणि ऐकता ऐकता झोपत. मग एका रविवारी माझ्या गोडाऊनमध्ये आले, एका जुन्या लेथ मशीनला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "साडूभाऊ, ज्याला त्याला बोलायची हौस सुटलीय. आन् ज्याला खरं बोलता येतं, तो मानूस हितं मोटरी पुशीत बसलाय."

"कोण?" मी विचारलं.

"तुमी. भाव कसा करावा, हे तुमच्यावानी कोन सांगनार?"

आता बघा. समोरच्याने माझी स्तुती केली, की याला माल स्वस्तात पाहिजे हे मी ओळखतो आणि भाव वाढवतो. साडूंनी स्तुती केली, आणि मी त्यांना बसायला खुर्ची पुसून दिली.

आमचा स्वतःचा पॉडकास्ट काढायचं ठरलं, आणि माईक घ्यायला आम्ही दोघे बाजारात गेलो. साडू दुकानदाराला "बरं, द्या" म्हणणार, तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. मग मी त्या माईकमधले दोष काढले, शेजारच्या वस्तूची चौकशी केली, भडकलो, चपला घातल्या, निघालो, परत आलो. भाव तर पाडलाच, वर स्टँड आणि स्पंजाची टोपी फुकट घेतली. साडू देवळात उभं राहावं तसे हात जोडून बघत होते. माझाच घात करायचं हत्यार मी घासाघीस करून स्वस्तात घेतलं, आणि घरी येऊन बायकोला फुशारकीने सांगितलंही.

दर रविवारी सकाळी आम्ही गोडाऊनमध्ये बसायला लागलो. साडू विचारत, मी बोलत असे, आणि ते हसत. त्यांचं हसणं विहिरीवरच्या मोटरीसारखं आहे. आधी नुसती हवा येते, खांदे हलतात, वाटतं काही खरं नाही. आणि मग एकदम पाणी धो धो. त्या हसण्यासाठी माणूस काय वाटेल ते बोलून जातो. मी बोललो. पाहिजे असलेल्या वस्तूला दोन्ही हात लावायचे नाहीत, हे सांगितलं. बायकोला बरोबर नेऊन तिला आधीच "नको" म्हणायला शिकवून ठेवायचं, हे सांगितलं. माझा राग धंद्यापुरता असतो, आतून मी थंड असतो, हेही सांगितलं. आणि शेवटी पिशवीचं सांगितलं. भडकून दुकानातून निघताना हातातली पिशवी तिथेच ठेवून जायची. दुकानदाराने हाक मारली तर ठीकच. नाही मारली, तर पिशवी न्यायला म्हणून परत जाता येतं, आणि मान खाली जात नाही. "ज्याला परत यायचं असतं ना," मी माईकसमोर छाती काढून म्हणालो, "तो काहीतरी मागे ठेवून जातो." साडूंची मोटर इतका वेळ चालली, की तो भाग त्यांना अर्ध्यावर तोडावा लागला.

लोकांनी ऐकलं. मला वाटलं होतं, पुण्या-मुंबईकडचे ऐकतील. ऐकलं ते नगरच्या दुकानदारांनी. चितळे रोडला भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली म्हणाली, "शेट, आधी कोबीचं विचारनार, मंग मेथी घेनार. मेथीच घ्या की सरळ." कपड्याच्या दुकानात माझी बायको काही बोलायच्या आतच मालक म्हणाला, "वहिनी नको म्हणाल्या असं धरून चालू." मी खरोखर वैतागून चपला घातल्या, तर त्याने माझी पिशवी उचलून हातात दिली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या भावात शर्ट घेतला. तो शर्ट मला अजून अंगाला टोचतो.

तरीही मी गप्प होतो. खरं तर लोक ओळखतात याची थोडी मजाच वाटत होती. मग कोल्हारला एका म्हाताऱ्या वर्कशॉपवाल्याकडे लेथ बघायला गेलो. जुना, भारी बिडाचा, आता कोणी करत नाही तसला. मनातून तो मी कधीच घेतला होता. भाव ऐकला, ओरडलो, पिशवी बाकावर ठेवली आणि निघालो. मनमाड रस्त्याला लागेपर्यंत हाक आली नाही. मी गाडी हळू केली. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली. म्हाताऱ्याने माणसाबरोबर पिशवी पाठवली होती, आणि निरोपही. "आमचे मालक म्हनले, शेटची पिशवी राहिली. पुढच्या भागात सांगा म्हनावं, कोल्हारची मान्सं लई प्रामानिक हायेत." पिशवी हातात आली. परत जायचं कारण गेलं. लेथ दुसऱ्याने नेला.

पुढच्या रविवारी साडू माईक घेऊन आले, आणि मी फुटलो. "तुमच्यामुळे माझा धंदा बसला!" मी ओरडलो. "आयुष्यभराची कमाई तुम्ही चव्हाट्यावर मांडलीत!"

साडूंचे खांदे हलायला लागले. "झकास! थांबा, माईक लावू द्या."

"मी खरंच चिडलोय!"

"व्हय, असंच म्हनायचं असतं. तुमीच सांगितलंय. आता चपला घाला, साडूभाऊ."

तेवढ्यात माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्यावर ठोक्यांचे लाल आकडे चमकायला लागले. साडूंनी वाकून ते पाहिलं. ते घड्याळ त्यांच्याइतकं कोणाला कळतं? मोटर बंद पडावी तसे त्यांचे खांदे थांबले. माझ्या टेबलावरचा तांब्या त्यांनी माझ्याकडे सरकवला, "पानी प्या," म्हणाले, हेल्मेट घातलं आणि गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. फोनही नाही. मेहुणी माझ्या बायकोला सांगते, हल्ली गच्चीवर बसून पक्ष्यांचे आवाज ओळखतात, भारद्वाज कधी बोलतो ते शेजाऱ्यांना समजावतात. म्हणजे पॉडकास्ट उतरला. हरकत नाही, घड्याळ उतरलं, शेंगोळी उतरली, बेंजो उतरला. प्रश्न एवढाच आहे, की मी पण उतरलो का? त्यांच्या अंगातून उतरलेली प्रत्येक वस्तू माझ्याकडे येते. मी उतरलो असलो, तर मला आता कोणाकडे पोचवणार?

आणि एक गोष्ट आहे, जी मला सुटत नाही. त्या रविवारी जाताना त्यांची पिशवी माझ्या गोडाऊनमध्ये राहिली. ते टेकून उभे राहायचे त्या लेथच्या हँडलला अडकवलेली आहे. आत माईक, स्टँड, स्पंजाची टोपी. इतक्या वर्षांत त्यांनी टाकाऊ माल मला हातात आणून दिला, "कदर तुमालाच हाय" म्हणून. असा न सांगता अडकवून कधी ठेवला नाही. पण त्या दिवशी बोलण्यासारखं राहिलंच काय होतं? रोज मी त्या पिशवीकडे बघतो. मोटरीकडे बघून मालकाच्या मनातलं ओळखणारा मी, एका कापडी पिशवीसमोर अडाणी झालोय. परवा त्या लेथला गिऱ्हाईक आलं, चांगलं घाईचं गिऱ्हाईक. पिशवी काढून बाजूला ठेवायला गेलं, तर मी असा भाव सांगितला की ते चहाही न घेता गेलं.

बायको म्हणाली, "अहो, एवढं वाटतंय तर भिंगार काय लांब हाय? तुमीच नेऊन द्या की पिशवी."

"नेऊन दिली," मी म्हणालो, "तर त्यांना यायला कारण काय उरलं?"

तेव्हा साडूभाऊ, भारद्वाज कधी बोलतो ते राहू द्या. माझी सगळी विद्या तुम्ही फुकट नेलीत, तिचा हिशोब मी मागत नाही. पण ती पिशवी तुम्ही विसरलात की ठेवलीत, याचा जाब मला पाहिजे. फोनवर नको, बायकांच्या हाती निरोपही नको. रविवारी सकाळी समोर येऊन द्या. खुर्ची पुसून ठेवली आहे.